समुद्रातला कचरा काढणारी यंत्रं: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात नाग नदीच्या काठी साफसफाईला उभं राहिलं की आणि हिवाळ्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचं बोलावणं आलं की आमच्या गटाला तेच ते प्रश्न येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर समुद्र साफ करणाऱ्या एखाद्या यंत्राचा व्हिडिओ फिरला की त्या प्रश्नांना आणखी जोर चढतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मतं आमची आहेत, पटली नाहीत तर नदीकाठी या, तिथे वाद घालू.

नागपूर म्हणजे झिरो माइलचं गाव. समुद्र कुठे, आपण कुठे! आपला काय संबंध?

संबंध उताराचा आहे. समुद्र म्हटलं की आपल्याला जुहू-चौपाटी आठवते, पण आपलं पाणी मुंबईकडे जातच नाही, ते पूर्वेला उतरतं. अंबाझरीकडून येणारी नाग नदी सीताबर्डी, मोक्षधाम, अशोक चौक करत पारडीच्या पुढे शहराबाहेर पडते आणि पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, मग गोसेखुर्दचं धरण लागतं. पुढे वर्धा येऊन मिळाली की तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते आणि धवलेश्वरमचा बंधारा ओलांडून सगळं पाणी बंगालच्या उपसागरात.

आता खरी गोष्ट. महाल भागातल्या नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पन्नी एवढा प्रवास पुरा करेलच असं नाही. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र जितका लांब तितकी प्लास्टिक तिथे पोचण्याची शक्यता कमी, हा त्याच्या हिशोबाचा एक पाया होता. हे ऐकून काही जण सुटकेचा श्वास सोडतात. पण समुद्रात न पोचलेलं प्लास्टिक हवेत विरत नाही. ते काठच्या झुडपांना लटकतं, वाळूत गाडलं जातं, गोसेखुर्दच्या फुगवट्यात तरंगतं. भंडारा-पवनीकडचे लोक नाग नदीच्या घाणीची तक्रार कित्येक वर्षं करत आहेत. आपला कचरा समुद्राच्या आधी शेजारच्या जिल्ह्याच्या दारात पडतो.

प्रशांत महासागरात कचऱ्याचं बेट आहे म्हणतात. त्यावर चालता येतं का?

नाही. बेट वगैरे काही नाही. बोटीतून गेलात तर बराच वेळ नुसतं निळं पाणीच दिसेल.

हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मध्ये समुद्राचे प्रवाह गोल फिरतात आणि तरंगणारा कचरा तिथे गोळा होतो. त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. २०१८ च्या अंदाजानुसार त्यात सुमारे ८० हजार टन प्लास्टिक आहे. आकडा मोठा वाटतो, पण भागाकार करून पाहा: एका चौरस किलोमीटरला पन्नास किलो! त्यातही वजनाने ४६ टक्के मासेमारीची जाळी. बाकीचा माल नखाएवढ्या तुकड्यांपासून क्रेटपर्यंत, इकडे एक, तिकडे एक.

समुद्र साफ करणाऱ्या कोणत्याही यंत्राचा विचार करताना हा भागाकार डोक्यात ठेवा. कचरा खूप आहे, पण भयंकर पसरलेला आहे. अडचण उचलण्याची कमी आणि शोधत फिरण्याची जास्त.

तो डच मुलगा आणि त्याचं यंत्र? चाललं का शेवटी?

बोयान स्लाट. २०१२ मध्ये त्याचं भाषण गाजलं, २०१३ मध्ये अठराव्या वर्षी त्याने ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था काढली. मूळ कल्पना मोहक होती: यंत्राला इंजिन नको, समुद्रच कचरा आणून देईल. २०१८ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून सहाशे मीटर लांबीची तरंगती नळी निघाली. तिच्याखाली तीन मीटरचा पडदा होता. वारा आणि लाटा तिला कचऱ्यापेक्षा वेगाने ढकलतील आणि कचरा पोटात साठत जाईल, असा हिशोब होता. तो चुकला. वेग सतत टिकेना, अडकलेलं प्लास्टिक पुन्हा बाहेर जाऊ लागलं आणि वर्ष संपता संपता नळीचं अठरा मीटरचं टोकच तुटलं.

इथे त्यांचं कौतुक करायला हवं. अपयश जाहीरपणे सांगितलं आणि रचना बदलली. २०२१ पासून ‘इंजिन नको’ हा हट्टच सोडला. आता दोन जहाजं मिळून एक लांबलचक जाळीदार पडदा हळूहळू ओढतात. २०२३ पासूनची आवृत्ती दोन किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे चाललं का, तर हो, प्लास्टिक निघतं. पण जहाजं इंधन जाळतात, खर्च प्रचंड आहे. संस्थेनेच २०२४ मध्ये हिशोब मांडला: हा एक पट्टा साफ करायला दहा वर्षं आणि साडेसात अब्ज डॉलर लागतील.

दुसरा आक्षेप जीवशास्त्रज्ञांचा आहे. समुद्राच्या अगदी पृष्ठभागावर राहणारे जीव असतात: निळ्या शिडाचे जेलीसारखे प्राणी, जांभळ्या शंखाच्या गोगलगायी. तेही प्रवाहाबरोबरच वाहत येतात, त्यामुळे कचरा जिथे जमतो तिथेच तेही जमतात. रेबेका हेल्म या संशोधिकेने हा मुद्दा लावून धरला. पडदा ओढताना प्लास्टिक आणि गोगलगाय यांत फरक कसा करणार? संस्थेने वेग कमी ठेवणं, कॅमेरे, प्राण्यांना सुटायला वाटा असे उपाय केले आहेत. आम्हाला विचाराल तर बारक्या जिवांचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही.

याच पट्ट्यात दुसरा, फारसा न गाजलेला प्रयोगही झाला. ‘ओशन व्हॉयेजेस इन्स्टिट्यूट’ने मोठ्या जाळ्यांच्या गुंत्यांना उपग्रहावरून माग काढता येईल अशी यंत्रं बांधायला सुरुवात केली. एक गुंता जिथे जातो तिथे आसपास दुसरा सापडतो. २०२० मध्ये ‘क्वाई’ नावाच्या शिडाच्या मालवाहू जहाजाने एकाच मोहिमेत १०३ टन माल आणला. साधन काय, तर क्रेन, दोर आणि माणसं. जाळ्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास असेल तर आधी जाळीच शोधावीत, यात आम्हाला जास्त अक्कल दिसते.

मग कचरा नदीतच अडवला तर?

हेच तर आमचं म्हणणं आहे. जिथे तो दाट असतो तिथे पकडावा.

या जातीतलं आमचं सगळ्यात लाडकं यंत्र अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं ‘मिस्टर ट्रॅश व्हील’. जॉन केलेट यांची ही कल्पना. मे २०१४ पासून जोन्स फॉल्स ही छोटी नदी जिथे बंदरात उतरते तिथे ते उभं आहे. तरंगते अडसर कचऱ्याला तोंडाशी आणतात, दाताळी तो फिरत्या पट्ट्यावर ओढतात, पट्टा तो वर नेऊन डब्यात टाकतो. हे सगळं फिरवायला जुन्या पाणचक्कीसारखं चाक. प्रवाह मंद असेल तर सौर पंप चाकावर पाणी चढवतो. जोराचा पाऊस पडतो तेव्हा कचरा जास्त येतो आणि नेमकी तेव्हाच चाकाला ताकदही जास्त मिळते. याला म्हणतात डोकं! त्यावर दोन मोठे बटबटीत डोळे बसवलेत, पोरं त्याला भेटायला येतात. नंतर शहरात त्याची आणखी तीन भावंडं आली.

ओशन क्लीनअपनेही २०१९ मध्ये नदीसाठी ‘इंटरसेप्टर’ आणला: सौर ऊर्जेवर चालणारा तराफा, आत पट्टा आणि सहा मोठे डबे. जकार्ता, मलेशियातली क्लांग नदी, डोमिनिकन रिपब्लिक इथे तो लागला. पण प्रत्येक नदीला तो मानवत नाही. ग्वाटेमालात लास व्हाकास नदीला पावसात इतका कचरा येतो की तिथे २०२२ मध्ये तराफ्याऐवजी सरळ पात्रात जाळीचं कुंपण घातलं. पहिल्या मोठ्या लोंढ्यात पाण्याने त्याचा पायाच खरवडला आणि अडवलेला माल पुढे निघून गेला. पुढच्या वर्षी तिथे तरंगत्या अडसरांची दुहेरी रांग लावली, ती टिकली. आपल्याकडच्या नाल्यांबद्दल बोलताना आम्हाला बाल्टिमोरपेक्षा हे ग्वाटेमालाच जास्त आठवतं.

तिसरा प्रकार बुडबुड्यांच्या पडद्याचा. ॲमस्टरडॅमच्या एका कालव्यात २०१९ पासून आहे. तळाशी भोकं पाडलेली नळी तिरकी टाकतात आणि तिच्यातून हवा सोडतात. वर येणारे बुडबुडे अर्धवट बुडालेला कचराही वर उचलतात आणि प्रवाह त्याला तिरक्या रेषेवरून काठच्या सापळ्यात नेतो. बोटी जातात, मासे जातात, कचरा अडतो. नाग नदीसारख्या उथळ, गाळाने भरलेल्या पात्रात मात्र ती नळी पहिल्याच पावसाळ्यात गाडली जाईल.

जगातला सगळा कचरा दहाच नद्यांतून येतो ना? मग त्या दहा साफ करा की!

तो २०१७ चा अंदाज. फॉरवर्ड अजून फिरतोय. २०२१ च्या अभ्यासात नद्यांतून येणाऱ्या प्लास्टिकचा ८० टक्के भाग हजाराहून जास्त नद्यांत विभागलेला निघाला. त्यात मोठ्या नावाच्या नद्यांपेक्षा शहरातून जाणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा डोळ्यांत भरणारा होता. दहा मोठी यंत्रं बसवून काम संपणार नाही. हजार ठिकाणी, स्वस्तातली, गावच्या माणसाला दुरुस्त करता येतील अशी लागतील.

सीबिन म्हणजे काय? आपल्या फुटाळा तलावात लावता येईल?

दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी तयार केलेला पाण्यातला डबा. पंप पृष्ठभागाचं पाणी आत ओढतो, कचरा जाळीच्या पिशवीत राहतो. बोटींच्या शांत धक्क्यावर ठीक. इंग्लंडमध्ये प्लिमथला झालेल्या अभ्यासात त्यात कचऱ्यासोबत छोटे जलचरही बऱ्यापैकी अडकलेले आढळले. वीज लागते, पिशवी रोज रिकामी करावी लागते. फुटाळ्यासाठी लांब दांड्याची जाळी आणि पगार वेळेवर मिळणारा माणूस आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

ड्रोन आणि रोबो?

आहेत. रॉटरडॅमचा ‘वेस्टशार्क’ पाण्यावर फिरून कचरा गिळतो. व्हिडिओत छान दिसतो. पोट लहान.

भारतात कुणी काही केलं आहे का?

केलं आहे, आणि परदेशी यंत्रांइतकी प्रसिद्धी त्याला मिळाली नाही. बंगळुरूच्या ‘आल्फामर्स’ने जाळीचे तरंगते अडसर तयार केले. संस्थापक डी. सी. शेखर पूर्वी जहाजावर होते. चेन्नईची कूवम नदी म्हणजे घाणीच्या बाबतीत आपल्या नागेची थोरली बहीण, तिथे हे अडसर लागले. अडसर तिरका बांधायचा, कचरा काठाला आणायचा, तिथून यंत्राने उचलायचा. पुराचा जोर सोसायचा आणि जलपर्णीही अडवायची, असा दुहेरी विचार त्यात आहे.

केरळात २०१७ मध्ये कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरात ‘शुचित्व सागरम्’ सुरू झालं. मासेमारांच्या जाळ्यात माशांबरोबर प्लास्टिक येतच होतं. आधी ते परत समुद्रात टाकायचे. आता पिशव्या दिल्या, बंदरात ते धुऊन तुकडे करायची सोय केली आणि तो माल रस्त्याच्या डांबरात मिसळला. नवं यंत्र म्हणाल तर फक्त तुकडे करणारं. बाकी समुद्रात फिरणाऱ्या बोटी आधीपासून होत्याच.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये हाताने कचरा वेचायला सुरुवात केली आणि पुढे हजारो लोक जोडले गेले. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जहाजातून तेल सांडलं तर ते कसं काढतात?

आधी तरंगत्या अडसरांनी घेरतात, मग पृष्ठभागावरून खरवडून घेतात. तेल खरवडणाऱ्या यंत्रात मोठी उडी २०११ मध्ये आली. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरीच्या २०१० च्या दुर्घटनेनंतर दहा लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा ठेवली गेली, ती ‘इलास्टेक’ कंपनीने जिंकली. त्यांनी फिरत्या तबकड्यांवर खाचा पाडल्या. खाचांमुळे तेल चिकटायला जागा वाढली आणि चाचणीत मिनिटाला साडेसतरा हजार लिटरच्या वर तेल निघालं. पाण्याच्या टाकीत ही गोष्ट झाली, खवळलेल्या समुद्रात कोणतंही यंत्र इतकं काम देत नाही.

तेल फोडणारी रसायनं हा दुसरा मार्ग. आखातातल्या त्याच दुर्घटनेत सुमारे ७० लाख लिटर रसायन वापरलं. तेल डोळ्यांआड होतं, पाण्यातून जात नाही. तिसरा मार्ग तेल खाणाऱ्या जीवाणूंचा. आपल्याकडे ‘टेरी’ या संस्थेने असं ‘ऑइलझॅपर’ नावाचं मिश्रण तयार केलं, ते मुख्यतः तेलाने माखलेल्या जमिनीवर आणि गाळावर वापरतात.

आणि प्रत्यक्षात? २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली. किनाऱ्याला आलेलं तेल घट्ट, गाळासारखं होतं, यंत्रांच्या नळ्यांतून ओढलं जाईना. माणसांनी बादल्यांनी काढलं. तटरक्षक दलाकडे प्रदूषण नियंत्रणाची खास जहाजं आहेत, ती खोल पाण्यात कामाची. किनाऱ्यावर शेवटी बादलीच.

प्लास्टिक खाणारे जीवाणू सापडले म्हणतात. ते समुद्रात सोडले की झालं!

२०१६ मध्ये जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापराच्या ठिकाणी, एक जीवाणू सापडला. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तो पचवतो. पण उबेत, पातळ थराचं, आणि तेही आठवड्यांच्या हिशोबाने. त्याची विकरं (एन्झाइम) सुधारून कारखान्यात बाटल्या विरघळवायचं काम चालू आहे, तिथे त्यांना भविष्य आहे. आपली पन्नी वेगळ्या प्लास्टिकची, ती त्याला पचत नाही. आणि उद्या सगळं प्लास्टिक खाणारा जीवाणू खरंच समुद्रात सोडला तर तो बोटींचे दोर, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा (बोया) आणि समुद्राखालच्या तारांची वेष्टणं सोडून देईल का?

मायक्रोप्लास्टिक काढता येतं?

प्रयोगशाळेत, हो. आयर्लंडच्या फिऑन फरेराने शाळकरी वयात तेल आणि चुंबकीय लोहखनिजाची भुकटी वापरून पाण्यातले प्लास्टिकचे बारीक कण चुंबकाने ओढून दाखवले. त्याला २०१९ मध्ये गुगलच्या विज्ञान स्पर्धेचं मोठं बक्षीस मिळालं. ग्लासातल्या पाण्यासाठी सुंदर, समुद्रासाठी नाही.

२५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं आणि प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे किनाऱ्यावर आले. स्वयंसेवक वाळू चाळत बसले. एवढ्या बारक्या मालाला अजून तरी चाळणीच आहे.

काढलेला कचरा जातो कुठे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून विचारणाऱ्याला आम्ही चहा पाजतो. आपण तान्ह्या पोळ्याला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून इडापीडा गावाबाहेर धाडतो, कचरा मात्र असा जात नाही. समुद्रातलं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं, मिठाने भरलेलं, शेवाळाने माखलेलं आणि दहा जातींचं मिश्र असतं. त्याचा नवा माल करणं महाग. ओशन क्लीनअपने २०२० मध्ये त्याचे गॉगल काढले, एकाची किंमत १९९ डॉलर! नाल्यातून निघणारा माल तर त्याहून वाईट, त्यात गाळ, कपडे, गाद्या सगळं. बरंचसं पुन्हा डंपिंग यार्डवरच जातं, म्हणजे आपल्याकडे भांडेवाडीला. तिथून वारा आणि पाऊस ते परत नाल्यात आणणार नाहीत, एवढी तरी व्यवस्था हवी. यंत्र विकायला आलेल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, आणि दुसरा: रोज रिकामं कोण करणार, त्याचा पगार कोण देणार?

सांडपाण्याचं काय? ते तर जाळीत अडकत नाही.

नाही ना! आणि समुद्राच्या दृष्टीने ते पन्नीपेक्षा कमी घातक नाही. सांडपाण्यातलं आणि शेतातून वाहून आलेलं नत्र-स्फुरद किनाऱ्याला पोचलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. यावर समुद्रात उपाय नाही, असेल तर तो शहरातच.

इथे नागपूरकडे सांगण्यासारखं आहे. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आपल्याच गावात, १९५८ पासून. तिने फायटोरिड नावाची पद्धत तयार केली: खडीच्या थरात केळीकर्दळीसारखी पाणथळ झाडं लावायची आणि सांडपाणी त्यातून संथ सोडायचं. विजेचा खर्च नगण्य. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्पही केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केला. तो कागदावरून पात्रात किती उतरला हे पाहायला पारडीच्या पुलावर उभं राहून श्वास घेतला तरी पुरे.

नाग नदीवर इंटरसेप्टर का बसवत नाहीत?

कारण आठ महिने तिथे तरंगायला पुरेसं पाणी नसतं आणि उरलेल्या काळात ते कधी अंगावर येईल सांगता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला आणि काही तासांत घराघरांत पाणी शिरलं. त्या दिवशी पात्रात एखादा तराफा बांधलेला असता तर तो पुलाला जाऊन अडकला असता आणि पाणी आणखी तुंबलं असतं.

आमच्या मते मुख्य पात्र सोडून द्यावं आणि त्याला मिळणाऱ्या छोट्या नाल्यांच्या तोंडाशी उचलता येणाऱ्या जाळ्या लावाव्यात. पुराचा इशारा आला की जाळी वर. भोकं फार बारीक नकोत. आपल्याकडचा खास माल म्हणजे खर्र्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी: पातळ, ओली झाली की जाळीला चिकटते आणि बघता बघता भिंत तयार होते. परदेशी यंत्राच्या माहितीपत्रकात खर्रा नसतो, त्यामुळे हे गणित इथल्याच एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी करायला हवं.

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलीला मॉडेल करायचं आहे. काय करू?

थर्माकोलची होडी करू नका, एवढी विनंती. प्रदर्शन संपलं की ती नाल्यातच जाते.

बुडबुड्यांचा पडदा करा. लांबट टब घ्या. पाणी वाहतं ठेवायला कुलरचा पंप, तो हिवाळ्यात तसाही माळ्यावर पडलेला असतो. हवेसाठी मासे पाळणाऱ्यांचा छोटा पंप आणि त्याची नळी. नळीचं एक टोक बंद करा, तापवलेल्या सुईने थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडा आणि ती तळाशी तिरकी चिकटवा. बाटलीच्या झाकणांचे तुकडे आणि ओल्या पन्नीचे तुकडे सोडा. आधी नळी आडवी, मग तिरकी, असं दोन्ही करून किती तुकडे काठाला आले ते तिला मोजून लिहू द्या. परीक्षक मोजणीवरच खूश होतात. कुलरचा पंप चालू असताना पाण्यात हात घालू नये, आणि जोडणी मोठ्या माणसानेच करावी.

तुमच्या साफसफाईला यायचं आहे. कधी आणि काय घेऊन?

मे महिन्याचा शेवट ते मृगाचा पहिला पाऊस, या दिवसांत. सकाळी सहाला सुरू, नऊला बंद, त्यानंतर ऊन कामाला बसू देत नाही. पाऊस लागला की आम्ही काठावरही उतरत नाही, तुम्हीही एकटे उतरू नका. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे हवेतच, पायाला जखम असेल तर त्या दिवशी फक्त पोती धरायचं काम घ्या. फावडं, घमेलं, दाताळं आमच्याकडे आहे. महापालिकेच्या झोन कार्यालयाला आदल्या दिवशी सांगून गाडी ठरवलेली असते, कारण भरलेली पोती काठावर राहिली तर केलेलं काम पहिल्या पावसात वाहून जातं. पाणी घरून बाटलीत आणा. पाऊच आणलेत तर ते तुमच्याच पोत्यात जातील.